अंगुस्तानभर विजेवर अटलांटिक पार

‘६२वी पलटण इंग्लंडला परत आणू नये.’ एवढ्याच अर्थाचा एक निरोप ३१ ऑगस्ट १८५८ रोजी लंडनहून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेला. मॉन्ट्रियलमधल्या ३९व्या पलटणीसाठीही तसाच एक गेला. या दोन्ही पलटणींना माघारी बोलावलं होतं ते हिंदुस्थानातल्या उठावामुळे. पण ग्वाल्हेर जूनमध्येच इंग्रजांच्या हाती पडलं होतं. तात्या टोपे अजून सापडले नव्हते, तरी लंडनच्या लष्करी कचेरीचा जीव भांड्यात पडला होता. आता जादा फौजेची गरज नव्हती. हा निरोप जहाजाने पाठवला असता तर तो पोचायला दहा-बारा दिवस लागले असते आणि तोवर पलटणी बोटीत चढल्या असत्या. त्या एका तारेने ब्रिटिश सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचवले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला.

निरोप गेला तो आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या एका लहानशा गावातून. गावाचं नाव नाइट्सटाउन. केरी परगण्यातल्या व्हॅलेन्शिया बेटावर, धक्क्याला लागून असलेली ही वस्ती. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या ज्या तारेतून तो निरोप गेला ती तार मात्र लगेचच मुकी झाली. का झाली, आणि आठ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा करून दाखवताना माणसं नेमकं काय शिकली, हाच या गावाचा खरा वारसा आहे. तिथे डोळ्यांना दिसण्यासारखं त्या मानाने थोडंच आहे.

आधी नावाचा घोळ. व्हॅलेन्शिया म्हटलं की स्पेन आठवतं, पण त्याचा इथे संबंध नाही. आयरिश भाषेत बेटाचं नाव ‘दारव्रे’, म्हणजे ओक वृक्षांची जागा. इथल्या खाडीचं आयरिश नाव ‘ब्येल इन्शे’, म्हणजे बेटाचं मुख. इंग्रजांच्या जिभेवर ते घोळून घोळून व्हॅलेन्शिया झालं. नाइट्सटाउन हे नाव ‘नाइट ऑफ केरी’ या किताबावरून आलं. हा किताब फिट्झजेराल्ड घराण्याकडे होता आणि बेटाची जमीनदारीही त्यांचीच. एकोणिसाव्या शतकात त्यांनी अलेक्झांडर निम्मो या स्कॉटिश इंजिनिअरच्या आराखड्यावर हे गाव वसवलं. म्हणून इथले रस्ते सरळ आहेत, इतर आयरिश खेड्यांसारखे वळणं घेत जाणारे नाहीत.

तारेच्या आधीही बेटाला इतिहासाची कमतरता नव्हती. १९९३ मध्ये इवान श्टॉसेल हा स्विस भूशास्त्राचा विद्यार्थी किनाऱ्यावर हिंडत होता. त्याला खडकात ओळीने उमटलेले खळगे दिसले. ते सुमारे साडेअडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या चार पायांच्या प्राण्याच्या पावलांचे ठसे निघाले. पाण्यातून बाहेर चालत येणाऱ्या जीवांच्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये त्यांची गणना होते. बेटावरच्या पाटीच्या दगडाची खाण १८१६ मध्ये सुरू झाली. तिथला दगड लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीपर्यंत गेला, बिलियर्डच्या टेबलांनाही लागला. दरड कोसळल्यावर १९११ मध्ये ती खाण बंद पडली. पुढे १९५४ मध्ये त्या रिकाम्या गुहेत मेरीमातेची मूर्ती बसवली, आणि नव्वदच्या दशकात शेजारी पुन्हा दगड काढायलाही सुरुवात झाली. या सगळ्यावर स्वतंत्र लेख होईल. पण आपल्याला तारेकडे जायचं आहे.

हेच गाव का?

नकाशा उघडून पाहा. युरोपचा पश्चिम किनारा समुद्रात जिथे सगळ्यात पुढे घुसतो त्या भागात केरी आहे. समोर पलीकडच्या बाजूला अमेरिका खंडाचा पुढे आलेला तुकडा म्हणजे न्यूफाउंडलंड. या दोन टोकांमध्ये तीन हजार किलोमीटरच्या आसपास पाणी आहे. युरोपातून अमेरिकेला जायला अटलांटिक याहून कमी अंतरात ओलांडायची सोय दक्षिणेकडे कुठेच नाही. शिवाय व्हॅलेन्शिया बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये वादळात जहाज सुरक्षित उभं राहील अशी खोल, झाकलेली खाडी आहे. हवी होती तेवढीच जागा निसर्गाने दिलेली. नाइट ऑफ केरीनेही पुढाकार घेतला. पुढारी आपल्या गावाला एसटीचा थांबा मिळवतो, तसा त्याने हा प्रकल्प आपल्या बेटाकडे ओढला.

पैसा उभा करणारा माणूस अमेरिकन होता, सायरस फील्ड. त्याचा धंदा कागदाचा. त्याला विजेतलं काही कळत नव्हतं, आणि माझ्या मते म्हणूनच त्याने हे काम अंगावर घेतलं. कळत असतं तर घेतलं नसतं. १८५६ मध्ये अटलांटिक टेलिग्राफ कंपनी निघाली. १८५७ च्या ऑगस्टमध्ये केबलचं टोक मुख्य भूमीवरच्या बॅलीकार्बेरीच्या वाळूत आणून पुरलं. जहाजं निघाली आणि सहाव्या दिवशी केबल तुटून तळाला गेली. १८५८ मध्ये पद्धत बदलली. ‘अगामेम्नॉन’ हे ब्रिटिश आणि ‘नायगारा’ हे अमेरिकन जहाज भर समुद्रात भेटलं, दोन्हींकडच्या केबलची टोकं जोडली, आणि मग दोघं विरुद्ध दिशांना केबल सोडत निघाले. अनेक वेळा तुटलं, पुन्हा जोडलं. शेवटी ५ ऑगस्ट १८५८ रोजी अगामेम्नॉन नाइट्सटाउनला आणि नायगारा न्यूफाउंडलंडच्या ट्रिनिटी बेला पोचलं.

मग जो जल्लोष झाला तो विचारू नका. न्यूयॉर्कमध्ये इतकी आतषबाजी झाली की सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने उरलेल्या केबलचे बोटभर तुकडे करून आठवण म्हणून विकले. राणी व्हिक्टोरियाने राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांना शुभेच्छांची तार केली. ती ९८ शब्दांची होती आणि पोचायला सुमारे १६ तास लागले. शाळकरी पोर जो मजकूर मिनिटभरात वाचून दाखवेल, त्याला १६ तास.

तार हळू का चालते?

कारण समजलं की पुढची सगळी गोष्ट उलगडते, म्हणून इथे जरा थांबू.

जमिनीवर खांबांवरून जाणाऱ्या तारेभोवती हवा असते. हवा वीज धरून ठेवत नाही. एका टोकाला बटण दाबलं की दुसऱ्या टोकाला जवळजवळ लगेच ‘कट्ट’ ऐकू येतं. समुद्राखालची गोष्ट वेगळी. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं वेष्टण, बाहेर लोखंडी तारांचं चिलखत आणि त्यापलीकडे खारं पाणी. गटापर्चा म्हणजे मलाया आणि बोर्निओकडच्या एका झाडाचा चीक. थंड पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो आणि वीज बाहेर जाऊ देत नाही. तो मिळवायला त्या काळी झाडंच आडवी करायचे. युरोप-अमेरिकेच्या गप्पांसाठी आग्नेय आशियातली जंगलं किती उतरली, हा या वारशातला कमी सांगितला जाणारा भाग आहे.

आता तांबं विजेचं वाहक आहे आणि खारं पाणीही आहे. दोघांमध्ये पातळ अवाहक थर. अशा रचनेला आपण कपॅसिटर म्हणतो. पंखा सुरू व्हायला कुरकुरतो तेव्हा इलेक्ट्रिशियन जो छोटा डबा बदलून देतो, तोच. समुद्राखालची केबल म्हणजे तीन हजार किलोमीटर लांबीचा कपॅसिटर. तिच्यात सोडलेली वीज आधी स्वतः केबललाच भरत बसते.

ज्यांच्या शेतात पाटाचं पाणी येतं त्यांना हे चटकन कळेल. कोरड्या पाटाला वरून पाणी सोडलं की ते सरळ शेवटच्या शेतापर्यंत धावत नाही. वाटेतली माती पीत पीत जाते. शेवटच्या शेतकऱ्याला आधी ओल दिसते, मग बोटभर धार, आणि पूर्ण प्रवाह यायला बराच वेळ. वरचं दार बंद केलं तरी खाली पाणी लगेच थांबत नाही, पाट निथळत राहतो. आता समजा वरचा माणूस दार उघड-बंद करून खालच्याला खुणा करतो आहे. एकदा उघडलं तर ‘हो’, दोनदा उघडलं तर ‘नाही’. घाईघाईने उघड-बंद केली तर खाली सगळं एकच गढूळ पाणी दिसेल. खुणा एकमेकांत मिसळून जातील. राणीची तार १६ तास चालली ती याच कारणाने. प्रत्येक खुणेनंतर केबल निथळेपर्यंत थांबावं लागत होतं.

यातलं गणित विल्यम थॉमसनने आधीच मांडून ठेवलं होतं. हा बेलफास्टमध्ये जन्मलेला, ग्लासगोत शिकवणारा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. पुढे त्याला लॉर्ड केल्विन म्हणू लागले आणि तापमानाच्या मापाला त्याचं नाव मिळालं. तो म्हणाला, केबलची लांबी दुप्पट केली की उशीर दुप्पट होत नाही, चौपट होतो. लांबी तिप्पट केली तर नऊपट. का? लांबी वाढली की तांब्याचा विरोधही वाढतो आणि भरायची केबलही वाढते. दोन्ही अडचणींचा गुणाकार होतो. इंग्लिश खाडीखाली चाललेली केबल अटलांटिकमध्येही चालेलच असं म्हणता येत नाही ते याच्यामुळे.

कंपनीचा विजेचा प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस याला हे पटलं नाही. तो मूळचा शल्यचिकित्सक, प्रयोगाचा हौशी. त्याचं म्हणणं साधं होतं: निरोप पोचत नसेल तर जोर वाढवा. मोठमोठी वेटोळी बनवून त्याने केबलमध्ये सुमारे २,००० व्होल्टचे झटके सोडले. पण पाटाचं उदाहरण आठवा. वरून दुप्पट पाणी सोडलं तर खाली येणारं पाणीही दुप्पट होईल, पण ओल आधी, धार मग, निथळणं शेवटी, हा क्रम आणि त्याला लागणारा वेळ तोच राहील. जोराने खुणा वेगळ्या होत नाहीत. उलट गटापर्चाच्या वेष्टणात जिथे कुठे कच्चा भाग होता तिथे वीज फोडून बाहेर गेली. सप्टेंबर उजाडता उजाडता केबल निकामी झाली.

चौकशीत सगळं खापर व्हाइटहाउसच्या डोक्यावर फुटलं. मला ते अर्धंच न्याय्य वाटतं. ती केबल घाईत बनवली होती, वेष्टणात तार काही ठिकाणी मधोमध नव्हती, आणि वर्षभर ती बाहेर, उन्हात पडून होती. व्हाइटहाउसने केबल मारली असेल, पण ती आधीच आजारी होती. डॉक्टर असूनही त्याला ते ओळखता आलं नाही, एवढं म्हणता येईल.

प्रकाशाचा ठिपका

थॉमसनचा उपाय उलटा होता. बोलणाऱ्याने ओरडू नये, ऐकणाऱ्याचा कान तिखट हवा. खालच्या टोकाला पूर्ण धार येईपर्यंत थांबायचंच कशाला? पहिली ओल दिसली की ओळखा.

त्यासाठी त्याने आरशाचं गॅल्व्हानोमीटर बनवलं. शर्टाच्या बटणाहून लहान आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले चिमुकले लोहचुंबक, आणि हे सगळं रेशमाच्या धाग्यावर टांगलेलं. भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून किंचित वीज गेली की चुंबक हलतो, आरसा केसभर वळतो. त्या आरशावर दिव्याचा झोत टाकलेला असतो. आरसा केसभर वळला तरी समोरच्या पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका चांगला बोटभर सरकतो. लहानपणी आपण आरशाने समोरच्या घराच्या भिंतीवर कवडसा नाचवायचो, तीच युक्ती.

खुणांची भाषाही बदलली. मोर्सच्या पद्धतीत ‘कट्ट’ छोटं आणि ‘कडकट्ट’ लांब. लांब खूण पाठवायची तर केबल जास्त भरते आणि जास्त निथळते. त्याऐवजी ठिपका डावीकडे सरकला तर एक खूण, उजवीकडे सरकला तर दुसरी. दोन्हींना वेळ सारखाच. एक दिशा पाठवून झाली की उलट दिशेची वीज सोडून केबल झटकन रिकामीही करता येते. आपल्याकडच्या तारघरांत ‘कडकट्ट’चा आवाज ऐकून मजकूर लिहिणारे तारबाबू होऊन गेले. व्हॅलेन्शियाच्या केबल खोलीत मात्र आवाज नव्हता. अंधार, एक दिवा आणि पट्टीवर डावी-उजवीकडे थरथरणारा ठिपका. एक जण ठिपक्यावर नजर रोखून अक्षरं सांगायचा, दुसरा लिहून घ्यायचा.

१८६५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी केबलच मोठी होती. जुन्या केबलमध्ये दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबं होतं, नव्या केबलमध्ये ३०० पौंड. गटापर्चा २६१ वरून ४०० पौंडांवर गेला. जाड तांब्यामुळे विरोध कमी, जाड वेष्टणामुळे भरणं कमी. थॉमसनचं गणित वजनकाट्यावर उतरलं. एवढी जड केबल दोन जहाजांत वाटून न्यायची गरजही उरली नव्हती, कारण ‘ग्रेट ईस्टर्न’ होतं. ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरने बांधलेलं, २११ मीटर लांबीचं हे जगातलं सर्वांत मोठं जहाज. उतारू जहाज म्हणून ते साफ पडलं होतं, पण पोटात अख्खी केबल मावेल असं दुसरं जहाज नव्हतं. अर्ध्याहून जास्त वाट झाल्यावर केबल तुटली. पुढच्या वर्षी, १३ जुलै १८६६ ला, शुक्रवारी, व्हॅलेन्शियाच्या पश्चिम टोकाजवळच्या फॉइलहोमेरम खाडीतून ते पुन्हा निघालं. तेरा तारीख आणि शुक्रवार हा योग तिकडे अमावास्येसारखा मानतात. तरी २७ जुलैला केबल न्यूफाउंडलंडच्या ‘हार्ट्स कंटेंट’ या कोळ्यांच्या गावी सुखरूप पोचली.

तेवढ्यावर थांबतील तर ते लोक कसले. जहाज मागे फिरलं आणि आदल्या वर्षी बुडालेलं टोक गळाने शोधू लागलं. जवळजवळ चार किलोमीटर खोल समुद्रात, डोळ्यांना काही दिसत नसताना, मनगटापेक्षा बारीक केबल. अनेकदा ती गळाला लागली आणि सुटली. शेवटी वर आली, तिला नवीन केबल जोडली, आणि सप्टेंबरमध्ये व्हॅलेन्शियाहून अमेरिकेला एकाऐवजी दोन तारा झाल्या.

आता अंगुस्तान. दोन तारा झाल्यावर लॅटिमर क्लार्क या इंजिनिअरला एक कल्पना सुचली. त्याने न्यूफाउंडलंडला दोन्ही केबलची टोकं एकमेकांना जोडायला सांगितली. म्हणजे व्हॅलेन्शियाहून निघालेली वीज अटलांटिक ओलांडून जाणार आणि दुसऱ्या केबलने परत व्हॅलेन्शियालाच येणार. मग त्याने नाइट ऑफ केरीच्या मुलीकडून शिवणकामाचं चांदीचं अंगुस्तान मागून घेतलं. त्यात जस्ताचा बारीक तुकडा आणि आम्लाचे काही थेंब टाकले. झाली बॅटरी. एवढ्याशा विजेने सोडलेली खूण समुद्र दोनदा ओलांडून सेकंदाहून किंचित जास्त वेळात परत आली आणि आरशावरचा ठिपका स्पष्ट सरकला. आठ वर्षांपूर्वी २,००० व्होल्टला जे जमलं नव्हतं ते अंगुस्तानभर आम्लाने केलं.

सुरुवातीचा दर २० शब्दांना २० पौंड होता. मजुराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतका. साहजिकच निरोप पाठवत होते ती सरकारं, सावकार, कापूस आणि धान्याचे दलाल. नाइट्सटाउनच्या कोळ्याने बॉस्टनला गेलेल्या मुलाला तार करावी, असा तो काळ नव्हता. त्याची चिठ्ठी पूर्वीसारखीच बोटीने जायची.

ग्रेट ईस्टर्नची पुढची मोठी कामगिरी आपल्या दारात झाली. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला आणि ते आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आलं. १४ फेब्रुवारी १८७० ला मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघालं. त्याच वर्षी लंडन-मुंबई अशी समुद्राखालची तार सलग झाली. व्हॅलेन्शियाच्या केबलमागे पैसा उभा करणारा जॉन पेंडर याही कंपनीमागे होता. आपल्याकडे पुढे ‘तार आली’ म्हटलं की उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, ती थेट २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद करेपर्यंत. या सवयीची एक मुळी केरीच्या किनाऱ्यापर्यंत जाते.

समुद्राची रुंदी मोजणारी तार

केबलचा एक उपयोग फारसा कुणाला ठाऊक नसतो. एखादं गाव ग्रिनिचच्या किती पश्चिमेला आहे हे काढायचं तर तिथलं आणि ग्रिनिचचं घड्याळ एकाच क्षणी काय दाखवतं ते कळायला हवं. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, त्यामुळे वेळेतला फरक म्हणजेच रेखांशातला फरक. अडचण एवढीच की दुसऱ्या गावाची वेळ कळणार कशी? १८४४ मध्ये जॉर्ज एअरी या ब्रिटिश राजखगोलशास्त्रज्ञाने डझनावारी घड्याळं बोटीतून आणि गाड्यांतून व्हॅलेन्शियाला ने-आण करून हे मोजलं होतं. घड्याळ हिंदकळलं की चूक.

केबल आली आणि बेंजामिन गूल्ड हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ १८६६ मध्येच फॉइलहोमेरमला येऊन बसला. ताऱ्यांवरून स्थानिक वेळ काढायची आणि तारेवरून ‘आत्ता’ अशी खूण पाठवायची. खुणेला केबलमधून जायला जो वेळ लागतो त्याचं काय? तर खुणा दोन्ही बाजूंनी पाठवायच्या. जाताना जेवढा उशीर फरकात मिसळतो तेवढाच येताना वजा होतो. सरासरी काढली की उशीर निघून जातो आणि शुद्ध फरक उरतो. दोन खंडांमधलं अंतर त्याआधी इतक्या बारकाईने कुणी मोजलं नव्हतं.

अंधाऱ्या खोलीतली माणसं

१८६८ मध्ये केबल स्टेशन पश्चिमेच्या उघड्या माळावरून नाइट्सटाउनला आलं. कामगारांसाठी घरांच्या ओळी झाल्या. अधीक्षक जेम्स ग्रेव्ह्ज १८६५ मध्ये आला आणि १९०९ पर्यंत तिथेच होता. ४४ वर्षं. एका लहान बेटावर पगारदार, पाळीत काम करणारी, टेनिस खेळणारी माणसं आणि दुसरीकडे बटाटा, मासळी, खाण यांवर जगणारी माणसं, असे दोन थर पडले. कालांतराने बेटावरची मुलंही नोकरीत शिरली.

त्यांतल्याच टिम आणि यूजीन रिंग या भावांमुळे एप्रिल १९१६ मध्ये गंमत झाली. डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. सरकारने बातम्या दाबल्या होत्या आणि केबलवर पहारा होता. केनमेअरच्या टपाल कचेरीतल्या रोझली राइस या नातेवाईक मुलीकडून रिंग बंधूंना एक घरगुती मजकूर मिळाला आणि त्यांनी तो न्यूयॉर्कला पाठवून दिला. ‘टॉमचं ऑपरेशन आज यशस्वी झालं.’ तिकडच्या आयरिश क्रांतिकारकांना कळायचं ते कळलं. अमेरिकेत उठावाची वार्ता सरकारी निवेदनाआधी पोचली. पुढे तिघांनाही पकडलं. १८५८ मध्ये याच बेटावरून साम्राज्याचा लष्करी हुकूम गेला होता. ५८ वर्षांनी साम्राज्याच्या विरोधातला निरोप त्याच वाटेने गेला. तारेला दोन्ही सारखेच.

केबल कंपनीत पुढे नोकरी केलेला आणखी एक बेटकरी म्हणजे मिक ओ’कॉनेल, गेलिक फुटबॉलमधला दंतकथा झालेला खेळाडू, १९५९ च्या विजेत्या केरी संघाचा कप्तान. बेटाला तेव्हा पूल नव्हता. पोर्टमगीचा पूल सत्तरच्या दशकाच्या तोंडावर झाला. तोवर केबल स्टेशनच उरलं नव्हतं. समुद्राखालून टेलिफोनच्या केबल आल्या, आकाशात उपग्रह गेले, आणि १९६६ मध्ये, पहिल्या यशस्वी केबलला बरोबर शंभर वर्षं होताना, स्टेशन बंद झालं.

आज गावात काय आहे? धक्क्यावरचा लाल मनोरा आणि त्यातलं घड्याळ, कामगारांच्या घरांच्या ओळी, आणि केबल स्टेशनची इमारत, जिच्यात आता या कथेचं प्रदर्शन आहे. उन्हाळ्यात समोरच्या रीनार्डहून फेरीबोट येते, पाच मिनिटांची वाट. बहुतेक प्रवासी स्केलिग मायकल या समुद्रातल्या मठाच्या खडकासाठी या भागात येतात, जो १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. व्हॅलेन्शिया अजून त्या यादीत नाही. आयर्लंडने २०२२ मध्ये ते संभाव्य स्थळांच्या यादीत घातलं. कुठल्याही देशाला अर्ज करण्याआधी जागा या प्राथमिक यादीत नोंदवावी लागते, तेवढी एक पायरी झाली आहे.

इथे एक अडचण आहे जी किल्ल्यांना किंवा देवळांना येत नाही. केबलला दोन टोकं असतात. नुसत्या व्हॅलेन्शियाला वारसा म्हणणं म्हणजे टेलिफोनवर बोलणाऱ्या दोघांपैकी एकालाच संभाषणाचं श्रेय देणं. म्हणून कॅनडाने आपल्या बाजूने हार्ट्स कंटेंट नोंदवलं आहे आणि दोन्ही देशांचा हेतू जोडीने जाण्याचा आहे. तीन हजार किलोमीटर दूरची दोन मासेमारी गावं, दोन भाषांची नावं, मध्ये महासागर. हार्ट्स कंटेंटमध्येही जुनी यंत्रं जपून ठेवलेलं केबल स्टेशन आहे. त्याचा शेवटही व्हॅलेन्शियाच्या आगेमागेच, १९६५ मध्ये झाला. आणि तिथे किनाऱ्यावर दगडगोट्यांतून वर आलेली, गंजून तपकिरी झालेली केबलची टोकं अजून दिसतात.